गालाला गार लागतंय

कुंदा आचरेकर कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी गालाला लावायची. काच असो, कापड असो, नाहीतर आमच्याकडची केळ्यांची टोपली. डोळे मिटायची, गाल टेकवायची आणि श्वास धरून थांबायची, ओल आहे का ते बघत. बघणाऱ्याला वाटावं, बाई थोडी खुळी आहे. मलाही तसंच वाटलं होतं. मी चौथी शिकलेला माणूस, पण ओल कशी ओळखायची हे मला कोणी सांगायची गरज नाही, असं मी सत्तर वर्षं समजत आलो. बाकी बऱ्याच गोष्टींत अजून मी कोणाचं ऐकत नाही. या एका गोष्टीत ऐकायला हवं होतं.

आमची वाडी वसईत, गिरीजला. केळी, नारळ, थोडी भाजी. घरात आजोबांच्या वेळेपासून सुकेळी करतात. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, आठ-नऊ दिवस उन्हात ठेवायची. संध्याकाळी दहिवर पडायच्या आत टोपल्यांत भरून कापडाखाली झाकायची, सकाळी पुन्हा पसरायची. वाळली की केळीच्याच सुक्या पानात आवळून बांधायची. नीट बांधलेलं सुकेळं पावसाळाभर राहतं. पुरतं वाळलं की नाही, हे अंगठ्याने बघतात. केळ्याच्या मधोमध दाबायचं, आत काय आहे ते अंगठा सांगतो. आमच्या वाडीत शेवटचा अंगठा माझा. मी हो म्हटल्याशिवाय कोणी दोरा घेत नाही.

सहा वर्षांपूर्वी, माघातल्या एका दुपारी ही बाई दारात येऊन उभी राहिली. वय पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस, अंगाने काटकुळी, हातात बांगडी नाही, बोटांवर डागल्याचे बारीक डाग. हातात आमच्या सुकेळ्याचं उघडलेलं पुडकं. मी समजलो, तक्रार आहे. तिने तोंड उघडायच्या आत मी सांगून टाकलं, माल खराब निघाला तर दुकानदाराकडे जायचं, माझ्याकडे नाही.

"खराब निघाला नाही म्हणूनच आलेय," ती म्हणाली. "गेल्या उन्हाळ्यातलं आहे हे. पावसाळ्यात माझ्या खोलीत चपलेलासुद्धा बुरशी येते. याला नाही आली. कसं बांधता?"

इतक्या वर्षांत असं कोणी विचारलं नव्हतं. लोक भाव विचारतात. मी तिला बसायला सांगितलं.

तिचं काम काय, ते मला समजायला दोन दिवस लागले. ती मूळची मालवणकडची, लग्न होऊन गोखिवऱ्याला आलेली. वालीवच्या एका कारखान्यात अकरा वर्षं सोलरच्या पाट्या बनवायची, म्हणजे त्यातल्या सेलना तारा डागायची. सेल म्हणजे तळहाताएवढा निळा-काळा तुकडा, पापडाहून पातळ, उन्हात धरला की त्यात वीज येते. तो कारखाना बंद पडला. मालकाने कामगारांना सांगितलं, उरलंसुरलं न्यायचं ते न्या. कोणी पंखे नेले, कोणी खुर्च्या. हिने कडा मोडलेल्या सेलचे दोन खोके आणि दुधी रंगाच्या शीटचा अर्धा गुंडाळा डोक्यावरून घरी आणला. त्या सेलच्या छोट्या पाट्या करून दिव्याला जोडायच्या आणि विकायच्या, एवढा तिचा बेत. डागण्यात ती पक्की होती. तिचं सगळं अडत होतं ते ओलीपाशी. सेलला ओल लागली की तारा हिरव्या पडतात आणि पाटी मरते. वसईची हवा तर खारी, भिंतीतला खिळा वर्षात खाणारी.

ओलीला ती नुसतं "ती" म्हणायची. ती आली, ती शिरली, तिने तार खाल्ली. माझ्या बायकोने चार दिवस ऐकून घेतलं आणि मग हळूच विचारलं, सासू एवढी वाईट आहे का गं? कुंदा हसून हसून खाली बसली. म्हणाली, "सासू गेली, नवरा पण गेला. आता हीच काय ती राहिलीय माझ्याकडे."

आठ दिवस ती रोज गोखिवऱ्याहून बसने आली. पहिल्याच दिवशी तिने टोपली जमिनीवर ठेवली आणि मी ओरडलो. आमच्याकडे वाळवणाचं काहीही जमिनीला टेकत नाही, खाली दोन दगड लागतात. त्यानंतर तिने एकदाही चूक केली नाही. लिहून काही घेत नव्हती. विचारायची मात्र फार. शेवटच्या दिवशी वाळलेली केळी मी एक रात्र सावलीत निवत ठेवायला सांगितली, तर म्हणाली, वाळलीत ना, मग लगेच का नाही बांधायची? मी सांगितलं, उन्हातून उचलून गरम गरम बांधलं तर पुडक्यात घाम सुटतो, मग बाहेरून कितीही आवळा.

ती एक केळं हातात फिरवत राहिली.

"म्हणजे बाहेरून येतच नाही ती," मग म्हणाली. "आपणच तिला आत घालून दार लावतो. बाहेरचा पाऊस दिसतो हो काका. आत राहून गेलेलं कसं दिसणार?"

मला आपली मान डोलवायला बरं वाटलं. शिकवणारा मी होतो.

पुढे एकदा केळ्यांची फणी घेऊन मी तिच्या खोलीवर गेलो. चाळीत दुसरा मजला, एकच खोली, आणि त्या खोलीत माणसापेक्षा सामानाला जागा जास्त. सेलचे खोके पलंगावर आणि तिची चटई खाली. प्रत्येक खोक्यात तांदळाची पुरचुंडी, ओल ओढून घ्यायला. दर रविवारी ते तांदूळ तव्यावर भाजून पुन्हा बांधायचे. दोन सेलच्या मध्ये जुन्या कॅलेंडरचं पान. भिंतीवर मात्र तीन पाट्या टांगलेल्या, तिन्ही बिघडलेल्या. एक नुसत्या कडा चिकटवून बंद केलेली, तिच्या काचेला आतून घाम. दुसरीत कसलासा चिकट रस ओतून सेल बुडवलेले, तो रस एका उन्हाळ्यात जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळा पडला होता. तिसरीत शीट घाईने बसवलेली, सगळीकडे बुडबुडे. मी म्हटलं, फेकून दे की. म्हणाली, "गेलेल्यांचे फोटो फेकतात का?"

मी बसलो होतो तेव्हाच तिने चौथी करायला घेतली. खाली काच, तिच्यावर ती दुधी शीट, त्यावर डागलेल्या सेलची माळ उपडी, वर पुन्हा शीट. मग जाड कापडावरून इस्त्री, एका टोकाकडून दुसरीकडे, बोटाबोटाने. वरून दाब द्यायला पाटा. तापली की ती शीट वितळते, काचेसारखी पारदर्शक होते आणि सेलला मिठी मारून बसते. मध्ये हवा राहता कामा नये. वितळताना खोलीत शिरक्याचा वास भरला. बाहेरच्या गॅलरीतून शेजारीण ओरडली, काय गं कुंदा, आज पण लोणचं?

"हो. उन्हाचं," कुंदा इस्त्रीवरून नजर न काढता म्हणाली.

मला आवडायचं तिचं काम बघायला. घाई नाही, बडबड नाही. कपाळावरचा घाम काचेवर पडू नये म्हणून कपाळाला फडका बांधलेला. खरं सांगायचं तर माझ्या वाडीत माझ्या तोडीचं असं हाताचं काम करणारं कोणी नव्हतं, आणि ही बाई होती. हे मी तिला कधी बोललो नाही.

बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांचा एक बचत गट होता. मालतीबाई त्यांची प्रमुख. संध्याकाळी टोपल्या लावून बसतात, त्यांना चांगला दिवा हवा होता. कुंदाचे दिवे त्यांनी बघितले, आवडले. चाळीस दिवे घ्यायची तयारी होती. पण मालतीबाई व्यवहाराला पक्की. म्हणाली, आधी एक पाटी समुद्राच्या बाजूला एक पावसाळा काढू दे. दसऱ्यानंतर आम्ही सगळ्या येऊन बघू. काच आतून स्वच्छ असली तर चाळीस तुझे, नाहीतर राहू दे.

चाळीस दिवे म्हणजे कुंदाचा धंदा उभा राहणार होता. एकीने घेतले की दुसरा गट घेणार, मग कोळीवाडा. नाहीतर वालीवलाच परत जायचं, कुठल्यातरी पॅकिंगला, बारा तास उभ्याने. तिचे गुडघे दुखत, पण गुडघ्यांचं ती बोलत नसे. म्हणायची, "आता कोणाच्या गेटवर हजेरी लावायची नाही काका. अकरा वर्षं लावली."

माझी वाडी समुद्राच्या बाजूलाच, म्हणून पाटी तिथल्या माझ्या शेडवर बसवायची ठरली. आता पाटीच्या मागच्या बाजूचा प्रश्न होता. मागे लावायची कारखान्याची पांढरी शीट, त्या दुधी शीटहून वेगळी, तिच्याकडे थोडीच उरली होती, मोठ्या पाटीला पुरेना. दुकानातून पत्रा नाहीतर प्लॅस्टिक आणते म्हणाली. मी म्हटलं, प्लॅस्टिक कशाला, माझ्या वाडीतल्या फणसाची फळी देतो. शंभर वर्षं टिकते. बायकोसमोर, गड्यासमोर बोलून बसलो होतो.

फळी मी स्वतः रंधून ठेवली. पिवळीधमक, गुळगुळीत, कडा सरळ. कुंदा आली, फळी उचलली आणि गालाला लावली. मग उलटी करून दुसऱ्या टोकाला गाल लावला.

"काका, गालाला गार लागतंय."

मी फळीवर अंगठा दाबला. म्हटलं, हा अंगठा पन्नास वर्षांत चुकला नाही.

"कापून किती दिवस झाले?"

"वर्ष होऊन गेलं."

वर्ष झालं नव्हतं. झाड होळीनंतर पाडलं होतं आणि हे वैशाखात चाललं होतं. जेमतेम दोन महिने. का खोटं बोललो म्हणाल तर त्याला काही मोठं कारण नाही. शेडमध्ये गडी उभा होता. ज्या बाईला मी टोपली कशी ठेवायची ते शिकवलं, ती मला माझ्या वाडीचं लाकूड ओलं आहे म्हणत होती. आणि लाकूड काही केळं नाही, त्यात अंगठा शिरत नाही, हे मला त्या वेळी सुचलंसुद्धा नाही.

कुंदा माझ्याकडे बघत राहिली. फळी हातातच होती.

"तुम्ही म्हणता तर ठीक," ती म्हणाली.

तिने काम मात्र तसंच मन लावून केलं. फळी मागून बसवली, कडांना चिकट पट्टी, वरून स्क्रू, सगळीकडून बंद. शेडवर चढवली त्या दिवशी खाली दिवा लागला, तर माझ्या बायकोने त्याला नमस्कार केला.

श्रावणात मला पहिल्यांदा दिसलं. काचेच्या खालच्या कोपऱ्यात नखाएवढं धुकं. मी शिडीवर चढून पंच्याने पुसलं. पुसून जाईना, आतून होतं. दोन दिवस कडक ऊन पडलं तर वाटलं जाईल. उन्हाने ते वाढलं. फळी तापत होती आणि तिच्यातलं पाणी वर येत होतं. शिडीवर उभ्या उभ्या मला हे कळलं. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं, गरम गरम बांधलेल्या पुडक्यात तेच होतं.

कुंदा दर आठवड्याला फोन करायची. काका, काच कशी आहे? मी म्हणायचो, बरी आहे. गणपतीत तिचा फोन आला तेव्हा धुकं तळहाताएवढं झालं होतं. तेव्हाही मी बरी आहे म्हटलं. त्याच दिवशी खरं सांगितलं असतं तर तिने येऊन पाटी उघडली असती, नवीन केली असती, बायकांना सांगून एक पावसाळा वाढवून मागितला असता. तिला काहीतरी करता आलं असतं. ती माझ्या शब्दावर थांबली होती.

दसऱ्यानंतर बायका आल्या. सात जणी. अंगणात खुर्च्या मांडल्या, चहा झाला. गड्याने पाटी खाली उतरवली. अर्ध्या काचेवर धुकं, तारा हिरव्या, दोन सेलवरून शीट सुटलेली. दिवा लावून बघितला तर काजव्याएवढा.

मालतीबाई वाईट बाई नव्हे. ती म्हणाली, "दिसायला छान झालं होतं गं कुंदा."

कुंदाने पाटी उलटी केली आणि मागच्या फळीला गाल लावला. कधी इतका वेळ लावला नव्हता. मग मान वर करून तिने माझ्याकडे बघितलं. मी नारळाच्या झाडाकडे बघत होतो. त्या झाडावर बघण्यासारखं काही नव्हतं.

"माझी शीट नीट बसली नाही," ती बायकांना म्हणाली. "इस्त्री कमी पडली. चूक माझी."

मी खुर्चीत बसून होतो. बायका निघाल्या तेव्हा मी उठलो आणि प्रत्येकीला एकेक फणी केळी दिली. कुंदालाही दिली. तिने घेतली, थॅंक यू काका म्हणाली आणि बसस्टॉपकडे चालायला लागली. पाटी मागे राहिली.

ती पुन्हा आली नाही. फोनही नाही. सुकेळ्यांच्या दुकानदाराकडून मला कळलं की ती वालीवला कुठे पॅकिंगला लागली आणि खोलीतले सेलचे खोके भंगारात गेले. भिंतीवरच्या तीन पाट्या तिने ठेवल्या की नाही, ते त्याला माहीत नव्हतं.

दिवाळीत कोणी घरी नसताना मी स्क्रू काढून फळी सोडवली. आतल्या बाजूला काळी बुरशी, स्क्रू गंजलेले. मी फळी गालाला लावली. पहिल्यांदाच. गार होती. एवढं साधं होतं ते.

फळी घासून मी माळ्यावर दोन दगडांवर ठेवली. पाच पावसाळे ती तिथे होती. मध्ये मध्ये चढून मी तिला गाल लावायचो. हे बायकोला माहीत नाही असं मी समजत होतो. या वर्षी मी तिला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "होळीनंतर झाड पाडलंत तेव्हा मी घरातच होते ना? तुम्ही स्वतःच खरं बोलाल म्हणून मी गप्प बसले, मग गप्पच राहिले."

आधी मी मालतीबाईकडे गेलो. बाजारात ती टोपली लावत होती. उभ्या उभ्या सांगितलं, लाकूड ओलं होतं, ते माझं होतं, कुंदाची शीट बरोबर होती. तिने कोथिंबिरीच्या जुड्या लावल्या, मग म्हणाली, "भाऊ, आम्ही तेव्हाच दुकानातले दिवे घेतले. मला सांगून आता काय? तिला सांगा."

वालीवचं गेट शोधायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर येईल असं वॉचमनने सांगितलं. फळी जुन्या धोतरात गुंडाळून मी भिंतीपाशी उभा राहिलो. बायकांचा घोळका बाहेर आला, त्यात ती होती. केस पांढरे झालेले, डोक्याला कंपनीची निळी टोपी, चालताना एका पायावर जोर. मला बघून तिने टोपी काढली. काका, तुम्ही इथे? काकी बऱ्या आहेत ना? वाडी कशी आहे?

मी धोतर सोडून फळी पुढे केली. वाटेत बसमध्ये बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं काही आठवेना. म्हटलं, "लाकूड ओलं होतं."

तिने फळी घेतली. गालाला लावली, डोळे मिटले. मग उन्हात तिरकी धरून बघितली. पाच वर्षांत फळी काळपट तांबूस झाली होती.

"आता रंग आला," ती म्हणाली. "तेव्हा पिवळी होती. मी मालवणची काका. फणसाचं लाकूड कापून किती दिवस झाले ते मला कळत नाही होय?"

मी विचारलं, मग का लावलीस?

"तुम्ही शिकवलं होतंत मला." फळीवरून हात फिरवत म्हणाली, "आणि त्या दिवशी बायकांसमोर मी थांबले होते. तुम्ही बोलाल म्हणून."

तिच्या आवाजात राग नव्हता.

आत भोंगा वाजला. तिने डबासुद्धा उघडला नव्हता. मी म्हटलं, फळी तुझ्यासाठी आणलीय, तुझ्याकडेच राहू दे. ती बरं म्हणाली. पण वॉचमन फळी आत नेऊ देईना, सुटल्यावर घेऊन जा म्हणाला. तिने त्याच्याशी हुज्जत घातली नाही.

त्यानंतर मी कुंदाला पाहिलेलं नाही. दुकानदार म्हणतो ती खोली सोडून गेली, कुठे ते ठाऊक नाही. फळी तिने संध्याकाळी नेली की ती तिथेच राहिली, हेही मला माहीत नाही. मी थांबलो नाही. पण वळताना एक बघितलं. बाकीच्या बायका गेटातून आत शिरत होत्या, कोणीतरी तिला हाक मारत होतं, आणि ती गुडघा धरून भिंतीपाशी वाकली होती. तिने इकडे तिकडे बघून दोन दगड शोधले, सारख्या उंचीचे, ते खाली मांडले आणि मग त्यांच्यावर फळी उभी करून ठेवली, जमिनीला न टेकवता, उन्हाकडे तोंड करून.